संदर्भसूचीसाठी झोटेरो, मेंडेली की जॅबरेफ?

मी भंडारा जिल्ह्यातल्या मालगुजारी तलावांवर पीएचडी करतोय. पहिलं प्रकरण तपासायला दिलं, तेव्हा सरांनी एकच विचारलं, "हे कोणतं गॅझेटिअर?" भंडाऱ्याची दोन गॅझेटिअर आहेत, १९०८ चं आणि १९७९ चं. मजकुरात मी १९०८ लिहिलं होतं, सूचीत मात्र १९७९ चंच होतं. हाताने टाइप केल्याचा परिणाम! प्रकरण परत आलं. मग मी तीन मोफत सॉफ्टवेअर वापरून पाहिले.

मेंडेली: २०१३ पासून एल्सेव्हियर कंपनीच्या मालकीचं. खातं उघडावंच लागतं, २ जीबी ऑनलाइन जागा मिळते. नवीन आवृत्तीतून संदर्भ टाकायची सोय वर्डसाठी आहे, लिब्रेऑफिससाठी नाही.

जॅबरेफ: मुक्त स्रोत, खातं लागत नाही. पण ते मुळात लेटेक्स वापरणाऱ्यांसाठी बनलंय. प्रबंध वर्डमध्ये असेल तर फारसं उपयोगाचं नाही.

झोटेरो: २००६ साली अमेरिकेतल्या जॉर्ज मेसन विद्यापीठात सुरू झालं, तेही मुक्त स्रोत. वर्ड, लिब्रेऑफिस, गुगल डॉक्स तिन्हींत चालतं. ऑनलाइन जागा ३०० एमबीच, पण फाइली आपल्याच संगणकावर राहतात. त्यामुळे नेट गेलं तरी काम थांबत नाही.

माझी निवड झोटेरो. तरी एक गोष्ट लक्षात घ्या. नव्या लेखांची पीडीएफ टाकली की लेखक, वर्ष आपोआप भरतं. जुन्या स्कॅन केलेल्या पुस्तकांचं तसं होत नाही, ते एकदा हाताने भरावंच लागतं. लेखकाच्या जागी संस्था असेल तर नाव एकाच रकान्यात टाका, नाहीतर शेवटचा शब्द आडनाव समजला जातो.

फायदा काय? मजकुरातला उल्लेख आणि शेवटची सूची एकाच नोंदीतून येतात. नोंद दुरुस्त केली की दोन्हीकडे बदल होतो. पण नोंदच चुकीची भरली तर सॉफ्टवेअर ते ओळखत नाही, तेवढं आपणच तपासायचं. वर्षाचा गोंधळ छोटा वाटतो, पण गोंदिया १ मे १९९९ ला वेगळा झाला. दोन्ही गॅझेटिअरमधले आकडे अखंड जिल्ह्याचे आहेत, आजच्या भंडाऱ्याचे नाहीत.

आणि हो, झोटेरोच्या फोल्डरची एक प्रत पेनड्राइव्हवर ठेवायला विसरू नका!