सूचना होती, अर्थ नव्हता

८ नोव्हेंबर २०१३. फिलिपाइन्समधील टॅक्लोबान शहरावर ‘हैयान’ हे टायफून कोसळले. ‘स्टॉर्म सर्ज’ येणार, हे वेधशाळेने आधीच सांगितले होते. पण म्हणजे नेमके काय, ते पुष्कळांना उमगलेच नाही! लोकांनी वाऱ्याची तयारी केली, पाण्याची राहून गेली.

टायफूनचा वारा समुद्राचे पाणी किनाऱ्याकडे रेटतो. उथळ, निमुळत्या उपसागरात ते कोंडते आणि चढत जाते. टॅक्लोबानला ते ५-६ मीटर चढले. देशभरात ६,००० वर माणसे दगावली. ‘त्सुनामी’ म्हटले असते, तर आम्ही पळालो असतो, असे वाचलेले कित्येक जण मागाहून म्हणाले.

वादळाचा अभ्यास वेधशाळेत सुरू होतो खरा. पण किनाऱ्यावरच्या कोळ्याला त्याच्या बोलीत कळेल, तेव्हाच तो पुरा होतो.