लाल रंग म्हणजे तडा नव्हे

नाशिकच्या सातपूर-अंबडमधल्या एखाद्या डिझाइन विभागात संगणकावरच्या ताणाच्या चित्रात ब्रॅकेटचा कोपरा लालभडक दिसला, की लगेच कुणीतरी म्हणतं, ‘पार्ट जाणार, जाडी वाढवा.’ पण लाल म्हणजे त्या चित्रातला सर्वांत जास्त ताण, एवढंच. तो ४० मेगापास्कलही असू शकतो आणि साधं स्ट्रक्चरल स्टील सुमारे २५० पर्यंत कायमचं वाकत नाही. रंगाआधी शेजारची आकड्यांची पट्टी वाचायला हवी.

हे चित्र ज्या फायनाइट एलिमेंट पद्धतीतून येतं, तिच्यात वस्तूचे छोटे तुकडे पाडून सगळ्यांची समीकरणं एकत्र सोडवतात. तुकड्यांची ही जाळी, म्हणजे मेश, जितकी बारीक तितकं उत्तर खरं, हा समज अर्धाच बरोबर आहे. ओढलेल्या रुंद पट्टीतल्या गोल भोकाच्या कडेला ताण तिप्पट होतो, हे किर्श या अभियंत्याने १८९८ मध्येच गणिताने दाखवलं होतं. मेश बारीक करत गेलं की सॉफ्टवेअरचं उत्तरही त्या तिपटीपाशी येऊन थांबतं. आतल्या धारदार कोपऱ्यात मात्र ते थांबतच नाही; दरवेळी आकडा चढतो. तिथे दोष मॉडेलचा असतो. खऱ्या पार्टला असलेली गोलाई चित्रात दाखवली, की आकडा ताळ्यावर येतो.

जाड मेशची किंमत नॉर्वेने मोजली. २३ ऑगस्ट १९९१ रोजी ‘स्लाइपनर ए’ या तेलफलाटाचा काँक्रीटचा पाया चाचणीदरम्यान फुटून बुडाला. सॉफ्टवेअर नावाजलेलं नॅस्ट्रान होतं. पण नाजूक सांध्यापाशी मेश ओबडधोबड होती आणि कातर-ताण ४७ टक्के कमी धरला गेला. नंतरच्या काळजीपूर्वक विश्लेषणात भिंत ६२ मीटर खोलीवर फुटेल असं उत्तर आलं. प्रत्यक्षात ती ६५ मीटरवर फुटली होती. पद्धत तीच, फक्त प्रश्न नीट मांडला होता.

असाच घोळ आधार दाखवताना होतो. ब्रॅकेट दोन बोल्टवर उभा असतो आणि मॉडेलमध्ये त्याची अख्खी पाठ ‘फिक्स’ केली जाते. पडद्यावर तो खऱ्यापेक्षा कमी वाकतो.

आणि सॉफ्टवेअर आलं म्हणून चाचणी संपली, असं मानणाऱ्याने ओझरकडे पाहावं. सुखोई-३० विमानाच्या पोटाखाली अडीच टनांचं ब्रह्मोस क्षेपणास्त्र लावण्यासाठी तिथल्या हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या (एचएएल) नाशिक कारखान्यात विमानात बदल झाले. २५ जून २०१६ रोजी ते क्षेपणास्त्र घेऊन विमान नाशिकहून नुसतं उडालं. ब्रह्मोस प्रत्यक्ष सुटलं ते २२ नोव्हेंबर २०१७ रोजी, बंगालच्या उपसागरावर.