तेल कुठी बसन?

ट्रॅक्टरचं इंजिन उघडलं की वरूडचा मिस्त्री आधी सिलिंडरमध्ये बोट घालतो आणि नख खालून वर नेतो. वरच्या टोकाशी नख अडकतं. पिस्टनची वरची रिंग जिथवर जाते तिथवर लोखंड झिजलेलं, त्याच्या वर कोरं. मधली ती कडा डोळ्यांना दिसेलच असं नाही, नखाला मात्र चुकत नाही. "बोअर घ्या लागते," एवढंच तो म्हणतो. ट्रॅक्टरवाला गप्प होतो, मनात हिशेब सुरू.

संत्र्याच्या या तालुक्यात ट्रॅक्टर नांगरटीपुरता नसतो. बागेत फवारणीचा ब्लोअर त्याच्यावरच चालतो, रांगारांगांतून, काळ्या मातीची पिठासारखी धूळ उडवत. एअर क्लीनरकडे दुर्लक्ष झालं की ती धूळ इंजिनात शिरते आणि तेलात मिसळून पॉलिश पेपरचं काम करते. मग निळा धूर सुटतो, इंजिन तेल खायला लागतं.

बोअरिंग मशीन सिलिंडर थोडा मोठा करून देते, त्यात ओव्हरसाइज पिस्टन बसतो. खरी कारागिरी त्यानंतरच्या होनिंगची. होनच्या डोक्यावर बारीक घासदगड बसवलेले असतात. ते डोकं फिरतं आणि फिरता फिरता वर-खाली होतं. भिंतीवर एकमेकींना छेदणाऱ्या तिरप्या रेघा उठतात, बाजेच्या विणीसारख्या. इतकं मापात कापलेलं लोखंड पुन्हा ओरबाडायचं कशाला, असं मी एकदा विचारलं होतं. मिस्त्रीने मान वर न करता उत्तर दिलं, "आरशावानी चिकनं केलं त तेल कुठी बसन, भाऊ?"

यामागची गोष्ट १८८३ सालची. इंग्लंडमध्ये बीचम टॉवर नावाचा इंजिनिअर रेल्वेच्या बेअरिंगचं घर्षण मोजत होता. तेल घालायला म्हणून बेअरिंगच्या वरच्या भागाला भोक पाडलं, तर त्यातून तेल उलटं वर येऊ लागलं. बूच ठोकलं, तेलाने बूच बाहेर ढकललं. फिरता दांडा तेलाला पाचरीसारखं आत ओढतो आणि त्या दाबावर स्वतः तरंगतो, हे १८८६ मध्ये ऑस्बोर्न रेनॉल्ड्सने गणिताने मांडलं. पाचर टिकते ती वेगावर. रिंग मात्र प्रत्येक फेरीत वरच्या टोकाला क्षणभर थांबून उलटी फिरते. वेग शून्य झाला की पाचर सुटते, आणि मग भिंतीच्या रेघांत साठलेलं तेल तेवढं हाताशी असतं. नखाला लागलेली कडा तिथलीच.

पण रेघा म्हणून वाटेल तसं खरवडून चालत नाही. उंचवटे टोकदार राहिले तर रिंगा झिजतात, दऱ्या जास्त खोल झाल्या तर त्यांतलं तेल जळून धूर होतो. म्हणून आधी जाडा दगड, मग बारीक. बारीक दगडाने फक्त शेंडे छाटायचे, दऱ्या राहू द्यायच्या. उरलेला खडबडीतपणा एका मायक्रॉनच्या अलीकडे-पलीकडे, माणसाचा केस सत्तरेक मायक्रॉनचा. हे मोजायचं यंत्र असतं, त्याची हिऱ्याची सुई पृष्ठभागावरून चालते. इथे नख आणि दारातला उजेड.

आणि नंतरची धुलाई. दगडाची पूड रेघांत अडकून बसते. डिझेलने धुतलं की स्वच्छ दिसतं, पण पूड निघत नाही. गरम पाणी, साबण, ब्रश आणि मग पांढरं फडकं. फडकं करडं आलं की पुन्हा साबण. घाईत हा टप्पा उरकला की नव्या रिंगा महिन्या-दोन महिन्यांत जातात आणि दोष पार्टच्या कंपनीला मिळतो.

शेजारच्या टेबलावर मात्र उलटा न्याय. तिथे सबमर्सिबल मोटर उघडलेली असते. भूजलाचा अतिउपसा झालेल्या या तालुक्यात बोअर शेकडो फूट खाली गेले आहेत, आणि पाण्याच्या त्या उंचीचा भार पंपामार्फत मोटरच्या तळातल्या थ्रस्ट बेअरिंगवर येतो. कार्बनची चकती, तिच्याखाली किंचित डुलणाऱ्या स्टीलच्या पट्ट्या. पाण्याने भरलेल्या मोटरीत वंगण म्हणजे आतलं पाणीच, इंजिन ऑइलपेक्षा शंभर पटीहून पातळ. त्याचा थर जेमतेम काही मायक्रॉनचा. सिलिंडरला शोभणारे ओरखडे इथे चालत नाहीत. उंचवटे थरातून वर डोकावले की कार्बन खरवडला जातो. म्हणून पट्ट्या लॅपिंग करून आरशासारख्या केलेल्या असतात, आणि मोटर बोअरमध्ये सोडण्याआधी तिच्यात गाळलेलं स्वच्छ पाणी भरतात.

या पट्ट्या चालताना फारशा झिजत नाहीत. झिजतात त्या सुरू होताना आणि थांबताना, पाण्याची पाचर नसते तेव्हा. आता वरूडच्या शेतातली लाईन आठवा. थ्री फेज येते, जाते, पुन्हा येते, आणि रात्री-बेरात्री बागेत जायला नको म्हणून स्टार्टरला ऑटो लावलेला असतो. लाईन आली की मोटर आपोआप सुरू, गेली की बंद. शेतकरी घरी झोपलेला, तळात कार्बन स्टीलवर दर वेळी कोरडा घासतोय.

मिस्त्रीने एक पट्टी उचलून उजेडाकडे तिरकी धरली. मधोमध गोल चरे होते, ग्रामोफोनच्या तबकडीसारखे.

"ऑटो लावला हाय ना वावरात?"

गिऱ्हाईक हसलं.