'टॅपेस्ट्री' म्हणजे काय?

मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्याने विचारले, "सर, 'टॅपेस्ट्री'ला मराठीत काय म्हणायचं?" प्रश्न ऐकून आम्हाला जुनी गोष्ट आठवली. एका विद्यार्थ्याने भाषांतरात या शब्दासाठी 'गालिचा' लिहिले होते. आम्ही लाल रेघ मारली, गुण कापला. पुढे व्युत्पत्ती पाहिली, तेव्हा ती रेघ आम्हालाच टोचू लागली.

बघा, मूळ ग्रीक शब्द 'तापेस'. म्हणजे अंथरायचे, पांघरायचे जाड कापड. तो लॅटिनमधून फ्रेंचमध्ये आला आणि 'तापी' झाला. 'तापी' म्हणजे गालिचाच! त्यावरून 'तापिसरी', आणि 15व्या शतकाच्या सुमारास इंग्रजीत 'टॅपेस्ट्री'. जर्मन भाषेत याच मुळातून 'टेपिश' म्हणजे गालिचा आणि 'टापेटे' म्हणजे भिंतीला लावायचा कागद. एकच शब्द जमिनीवरही राहिला, भिंतीवरही चढला.

मग विद्यार्थ्याचे बरोबर होते का? तसेही नाही. शब्द कुठून आला, यावरून तो आज काय सांगतो हे ठरत नाही.

आज विणकर या शब्दाने एक विशिष्ट वीण सांगतात. मागावरचा उभा धागा म्हणजे ताणा, आडवा तो बाणा. साध्या कापडात बाणा या काठापासून त्या काठापर्यंत जातो. टॅपेस्ट्रीत प्रत्येक रंगाचा बाणा आपल्या रंगाच्या हद्दीपर्यंतच जातो आणि तिथून मागे फिरतो. म्हणजे कापड आणि चित्र एकाच वेळी तयार होतात. भरतकामात कापड आधी, चित्र नंतर.

आता गंमत पाहा. फ्रान्समधली जगप्रसिद्ध 'बायो टॅपेस्ट्री' सुमारे 70 मीटर लांब आहे. 1066 साली नॉर्मनांनी इंग्लंड जिंकले, त्याची कथा तिच्यावर आहे. पण ती विणलेली नाही. लिननच्या कापडावर लोकरीने केलेले ते भरतकाम आहे! उलट, आपल्या पैठणीच्या पदरावरचे मोर याच फिरत्या बाण्याच्या विणीने उमटतात, पण पैठणीला कोणी टॅपेस्ट्री म्हणत नाही.

म्हणजे व्युत्पत्ती एक सांगते, कारागिरी दुसरे, आणि लोकांच्या तोंडी तिसरेच. आमच्या मते शब्दाचा अर्थ वापरात असतो. पण बाकीच्या दोन साक्षी ऐकल्याशिवाय निकाल देऊ नये. आम्ही तो घाईने दिला होता.

श्रोत्याच्या प्रश्नाचे उत्तर? पट म्हणजे कापड, तेव्हा खरा नेमका शब्द 'चित्रपट'. पण तो सिनेमाने केव्हाच नेला! म्हणून 'चित्र विणलेले भिंतीवरचे कापड' असे सरळ सांगावे. आणि त्या विद्यार्थ्याला, उशिरा का होईना, अर्धा गुण परत.