पाटी लांझूची

श्याओबेई मेट्रो स्टेशनातून वर येताच कानांवर पडतो तो चिकटपट्टीचा आवाज. पदपथावरच खोकी बांधली जातायत, पट्टी चर्रर्र करत ओढली जातेय, खोक्यांवर जाड मार्करने लागोस, बामाको, दार एस सलाम अशी नावं. संध्याकाळचे साडेसात वाजलेत आणि ऑक्टोबर असूनही ग्वांगझूची हवा अंगाला चिकटतेय. भाचा दिवसभर कँटन फेअर या व्यापारी प्रदर्शनात स्टीलची भांडी आणि सिलिकॉनचे साचे बघत हिंडलाय, मी त्याच्या मागे मागे. दोघांच्याही पायांचे तुकडे पडलेत. “मावशी, आज तुला माझ्या खानावळीत नेतो,” म्हणत तो गल्लीत वळतो.

खानावळ म्हणजे एक गाळा. आत दाटीवाटीने मांडलेली टेबलं, भिंतभर पदार्थांचे रंगीत फोटो, प्रत्येक फोटोखाली आकडा. बाहेरच्या हिरव्या पाटीवर वायव्य चीनमधल्या लांझू शहराच्या नूडल्सचं नाव. डुकराचं मांस इथे नाही, दारूही नाही. बाहेरून बिअर आणलीत तरी उघडता येत नाही. मालकाच्या डोक्यावर पांढरी टोपी, बायकोच्या डोक्याला रुमाल. हे हुई मुसलमान. आपल्या डोळ्यांसमोर जो ‘चिनी माणूस’ असतो, त्यात हे बसत नाहीत आणि त्याची त्यांना फिकीरही नाही.

भाचा अंडं खातो, बीफ खात नाही. त्याने फोनमध्ये चिनी भाषेत एक वाक्यच जपून ठेवलंय: मांस नको, मांसाचं पाणीही नको. बाई ते वाचते, मान डोलावते आणि भिंतीवरच्या एका फोटोवर बोट ठेवते. टोमॅटो-अंड्याच्या कोरड्या नूडल्स. खाण्यापिण्याचं सोवळं मी कधीच सोडलंय, त्यामुळे मी पाटीवरचा मूळ बीफ नूडल्सचा वाडगाच मागते. पण एवढ्याने भागत नाही. जाडी कुठली हवी? केसासारख्या बारीक नूडल्सपासून दोन बोटं रुंद पट्ट्यांपर्यंत सगळं मिळतं, अगदी तिधारीसुद्धा. मी पातीच्या कांद्याच्या पानाएवढी रुंदी सांगते. भाचा नेहमीचं बारीक.

खरा खेळ काचेपलीकडच्या ओट्यावर. पोरगा वीस-बावीसचा असेल, बाह्या कोपरापर्यंत सारलेल्या, हातांवर पिठाचा थर. मनगटाएवढा कणकेचा दांडा तो दोन्ही टोकांना धरतो, ओट्यावर धपकन आपटतो आणि हात फाकवतो. कणीक तुटत नाही, लांबते. मग दोन्ही टोकं एका हातात, मधलं वळण दुसऱ्या हाताच्या बोटात, आणि पुन्हा ओढ. दर ओढीला पदर दुप्पट. मध्येच ते सगळं पिठावरून फिरवून घेतो, नाहीतर पदर एकमेकांना चिकटायचे. सात वेळा दुप्पट झालं की 128 धागे, आठ वेळा झालं की 256. मी मोजायचा प्रयत्न करते, पण पाचव्या ओढीपुढे डोळेच मागे पडतात. हातातला गोळा तोडून बाजूला टाकत पोरगा उरलेली लड उकळत्या पाण्यात भिरकावतो. त्याची नजर सगळा वेळ रस्त्यावर, कुठल्याशा स्कूटरवाल्यावर. माझ्या रुंद पट्ट्यांसाठी तो दांडा आधी तळव्याने चेपून चपटा करून घेतो. बाकी कृती तीच.

कणीक एवढी ताणूनही तुटत नाही, याचं एक कारण खार. चीनच्या कोरड्या वायव्येत एक झुडूप जाळून त्याची राख काढायचे. तिला पेंगहुई म्हणतात. आता बहुतेक ठिकाणी तयार पूडच वापरतात. आपल्या पापडखाराच्याच कुळातली वस्तू. तिने कणकेला ताण येतो, वर किंचित पिवळी झाकही चढते. दुसरं कारण म्हणजे मळणं, आणि ते पुडीत मिळत नाही. मागच्या बाजूला एकजण पातेल्याएवढा गोळा दोन्ही मुठींनी तिंबतोय, अंगाचा सगळा भार टाकून. नूडल्स उकळायला मिनिटभर लागतं, पण त्यामागचं काम सकाळपासून चालू असतं.

वाडगा येतो तो दोन्ही हातांनी धरावा एवढा. रस्सा गढूळ नाही; तळातल्या नूडल्स स्पष्ट दिसतात. वर मुळ्याच्या पांढऱ्या चकत्या, मिरचीच्या तेलाचा तांबडा तवंग, कोथिंबीर आणि लसणाची पात. स्वच्छ रस्सा, पांढरा मुळा, लाल तेल, हिरवी पात, पिवळसर नूडल्स असा पाच रंगांचा हिशेब लांझूवाले पाळतात. यात सहावा रंग मांसाचा, तो मात्र शोधावा लागतो. अगदी पातळ चार-सहा काप, फुंकर मारली तर उडतील असे. सोळा युआनमध्ये, म्हणजे साधारण दोनशे रुपयांत, मालक तरी किती घालणार?

पहिल्या घोटात हाडांचा गोडवा लागतो, मग बडीशेपेच्या अंगाचं चक्रीफूल, आणि शेवटी जिभेला झिणझिण्या आणणारी सेचवान मिरी. टेबलावर सोया सॉसची बाटली नाही. काळं व्हिनेगर आहे, मिरचीचं तेल आहे, आणि एका वाटीत न सोललेला लसूण. शेजारचा माणूस पाकळी सोलतो, कचकन चावतो आणि नूडल्सचा घास सुर्रकन ओढतो. त्याचं बघून मीही करते. घाम फुटतो. फार छान वाटतं.

भिंतीवर एका लोखंडी पुलाचा मोठा फोटो आहे, खाली गढूळ रुंद नदी. लांझूचा 1909 चा पूल, नदी म्हणजे पीत नदी. याच शहरात 1915 च्या सुमारास मा बाओझी नावाच्या हुई माणसाने हा वाडगा रस्त्यावर विकायला सुरुवात केली, असं सांगतात. तिकडे लोक तो सकाळी न्याहारीला खातात. भाचा फोटोकडे बोट दाखवून मालकाला विचारतो, “तुमचं गाव?” मालक हसतो, मान हलवतो. फोनवर नकाशा उघडतो, लांझू मागे टाकून बोट आणखी पश्चिमेला सरकवतो, शेजारच्या छिंगहाय प्रांतात. ह्वालुंग.

म्हणजे पाटी लांझूची, माणसं ह्वालुंगची. देशभरातल्या अशा दुकानांची बरीचशी हीच कथा आहे. ह्वालुंगमध्ये पाऊस कमी, जमीन डोंगराळ, गरिबी जुनी. 1980 च्या दशकाच्या अखेरीपासून तिथले हुई आणि सालार मुसलमान किनाऱ्यावरच्या श्रीमंत शहरांत उतरले आणि नूडल्सचे गाळे काढू लागले. पुढे सरकारनेही त्यांना कर्ज आणि प्रशिक्षण दिलं. अस्सल लांझूकर या दुकानांकडे बघून नाक मुरडतात. पण आपल्या मुंबईत उडुपी हॉटेलं अशीच तर पसरली. एकाने गाळा घेतला, मेव्हण्याला बोलावलं, मेव्हण्याने भावाला. मुंबईत पाटीवर गावचं नाव खरं असतं, एवढाच फरक. इथे उसनं आहे.

तेवढ्यात एक उंच गृहस्थ आमच्या टेबलावरची रिकामी खुर्ची ओढून न विचारता बसतात. दुसरी खुर्चीच नाही. ते माली देशाचे, बूट-चपला पाठवतात. भाचा आणि ते मोडक्यातोडक्या इंग्रजीत कंटेनरच्या भाड्यावर सुरू होतात आणि मी कोपऱ्यातल्या टेबलाकडे बघत बसते. मालकाची मुलगी वहीत चिनी अक्षरं गिरवतेय, शेजारी चिरलेल्या पातीची परात. मधूनच आई येते, परात उचलते, वहीवर टिचकी मारते आणि जाते.

भाच्याचे कंटेनर संपतात आणि तो फोनवरचं भाषांतर पुढे करत मालकाला ओट्यावरच्या पोराबद्दल विचारतो. तो बायकोचा भाऊ. आधी भांडी घासली, मग रस्सा सांभाळला, आता ओढतो. पुढच्या महिन्यात फोशान शहरात स्वतःचा गाळा घेतोय.

“शेजारीच का नाही काढत?” भाचा विचारतो.

मालक दोन्ही हात जोरजोरात हलवतो. मग फोनमध्ये बोलतो आणि स्क्रीन आमच्याकडे वळवतो: जवळ दुकान काढलं तर भांडण. गाववाल्यांनी आपसांत अंतर ठरवून घेतलंय.

आम्ही टेबलावरच्या चौकटीवर फोन धरून पैसे देतो. उठतो न उठतो तोच आमच्या खुर्च्यांवर दोघी बसल्यादेखील. दारावर आतून एक कागद चिकटवलाय, हाताने लिहिलेला. भाच्याला राहवत नाही. तो कॅमेरा रोखतो आणि अक्षरांवर इंग्रजी शब्द थरथरत उमटतात.

“मावशी, नूडल्स ओढणारा हवाय. राहणं-जेवण मालकाकडे.”

“आणि पगार?”

“पगार समक्ष बोलू, म्हणतोय.”