लोखंडी बाकावरचें होकायंत्र

सुमारें तीस वर्षांपूर्वींची गोष्ट. मी मूळचा संस्कृतचा शिक्षक. परंतु शाळा लहान, त्यामुळें विज्ञानाचे तासही माझ्याच गळ्यांत पडत. एके दिवशीं होकायंत्रानें उत्तर दिशा काढावयास सांगितली असतां एका मुलाची रेषा इतरांहून पुष्कळच तिरपी आली. मीं ती लाल शाईनें खोडली व त्याला चार शब्दही सुनावले. खालीं मान घालून तो म्हणाला, "सर, सुई खरेंच तिकडे होती." मीं ऐकलें नाहीं. लोखंडी चौकटीचें बाक वर्गांत तेवढें एकच होतें आणि तो त्यावर बसला होता, हें मला परवांपर्यंत सुचलें नाहीं.

परवां आमची नववींतली नात शाळेच्या प्रयोगाकरितां मोबाइल घेऊन बसली होती. दिशा दाखविण्यासाठीं मोबाइलमध्यें चुंबकक्षेत्र मोजणारा इवलासा संवेदक बहुधा असतो. पुष्कळ ठिकाणीं तो एडविन हॉल यानें 1879 सालीं बाल्टिमोर येथें सोन्याच्या वर्खावर पाहिलेल्या तत्त्वावर चालतो. पातळ पत्र्यांतून विजेचा प्रवाह जात असतां त्याला लंब असें चुंबकक्षेत्र मिळालें, कीं पत्र्याच्या दोन कडांमध्यें अल्पसा विद्युद्दाब उत्पन्न होतो. तो मोजला कीं क्षेत्र मोजलें. जर्मनींतील आखेन विद्यापीठाचें 'फायफॉक्स' नांवाचें विनामूल्य ॲप हे आंकडे पडद्यावर दाखवितें.

अंगणांत लांकडी पाटावर आंकडा 42 मायक्रोटेस्ला आला. हें पृथ्वीचें क्षेत्र. तोच मोबाइल घरांतल्या लोखंडी कपाटापाशीं नेला, तों आंकडा साठीच्या पुढें गेला आणि पडद्यावरील उत्तर दिशाही फिरली! मी मटकन् खुर्चींत बसलों. नातीला वाटलें, आजोबांना घेरी आली.

पुढें तिनें पाटावर बटणाएवढें चुंबक 10 व 20 सेंटिमीटरांवर ठेवून मोजलें. आधीं पृथ्वीचें क्षेत्र वजा केलें, तेंही तिन्ही अक्षांवर वेगवेगळें. कारण क्षेत्राला दिशा असते, नुसती बेरीज-वजाबाकी तेथें चालत नाहीं. नियमाप्रमाणें अंतर दुप्पट होतांच क्षेत्र आठव्या हिश्श्यावर यावें. आले 64 आणि 12. "चुकलीस," हा शब्द अगदीं ओठांवर आला होता. या खेपेस मीं तो गिळला. मग लोखंडी टांचणी मोबाइलवरून हळूहळू फिरवून आम्हीं संवेदकाची जागा हुडकली. तो कडेपासून 3 सेंटिमीटर आंत होता आणि मुलगी मोजीत होती कडेपासून! संवेदकापासून मोजतांच 140 व 18 आले.

मुंबईच्या कुलाबा वेधशाळेंत 1841 पासून चुंबकीय नोंदी होत असत. विजेच्या ट्राम येऊं घातल्या, तेव्हां त्यांच्या प्रवाहाचा उपद्रव नको म्हणून 1904 सालीं हें काम अलिबागेस नेलें. दोन वर्षें दोन्हीकडे एकदम नोंदी ठेवून ताळा पाहिला, आणि मगच कुलाब्याचें काम थांबविलें. मीं एका बाकावरून दुसऱ्या बाकावर होकायंत्र उचलून ठेवलें असतें, तरी पुरें होतें.

त्या मुलाचा पत्ता जुन्या विद्यार्थ्यांकडून मिळविला आहे. पत्राचा मायना लिहून झाला. पुढचा मजकूर आज रात्रीं लिहावयाचा आहे.