धडधडीचा पुरावा

छातीतील धडधड अचानक सुरू होऊन तितक्याच अचानक थांबत असेल, तर तिचे निदान ‘गॅसेस’ किंवा ‘टेन्शन’ या शब्दांत उरकले जाण्याचा संभव मोठा असतो, कारण पनवेलचा रुग्ण मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयापर्यंत पोहोचेतो ठोके अनेकदा पूर्ववत झालेले असतात आणि तेथे काढलेला ईसीजी निर्दोष निघतो.

निरोगी हृदयात उजव्या अलिंदातील, म्हणजे वरच्या कप्प्यातील, नैसर्गिक पेसमेकर मिनिटाला साधारण ६० ते १०० विद्युतसंदेश निर्माण करतो आणि ते एव्ही नोड नावाच्या पेशीसमूहातून खालच्या कप्प्यांत, म्हणजे निलयांत, उतरतात. काही व्यक्तींत मात्र या नोडपाशी एक जलद आणि एक संथ असे दोन मार्ग असतात. एखादा ठोका अवेळी पडला की संदेश एका मार्गाने उतरून दुसऱ्याने परत चढतो, तेथेच फिरत राहतो आणि ठोके बहुधा मिनिटाला १५० ते २५० पर्यंत जातात. हा प्रकार स्त्रियांत अधिक आढळतो, आणि घाबरट स्वभावाच्या नावाखाली त्यांचीच तक्रार झटकली जावी, ही गोष्ट वैद्यकाला भूषणावह नाही.

दोषी मार्ग कायमचा निकामी करणे म्हणजे कॅथेटर अ‍ॅब्लेशन. १९८१ साली सॅन फ्रान्सिस्को येथे मेल्विन शाइनमन यांनी ते माणसावर प्रथम केले, तेव्हा तीव्र विद्युतझटक्याने अलिंद-निलय जोडणीच तोडली गेली आणि रुग्णाला पेसमेकर लावावा लागला. आता जांघेपुरती भूल देऊन तेथील शिरेतून सुमारे दोन मिलिमीटर जाडीच्या नळ्या हृदयात नेल्या जातात, त्यांच्या टोकांवरील इलेक्ट्रोडांनी संदेशाची वाट शोधली जाते आणि रेडिओलहरींच्या ऊर्जेने ५० अंश सेल्सिअसहून अधिक तापवून काही मिलिमीटर ऊतक निकामी केले जाते. नोडपाशी असलेल्या दोन मार्गांपैकी संथ मार्ग असा निकामी करण्यात यशाचे प्रमाण ९५ टक्क्यांच्या पुढे आहे. मूळ वाहक मार्गालाच इजा होऊन पेसमेकर लागण्याचा धोका सुमारे एक टक्का किंवा त्याहून कमी असतो. अलिंदांच्या अनियमित कंपनात, म्हणजे एट्रियल फिब्रिलेशनमध्ये, हेच तंत्र फुप्फुसशिरांच्या मुखांभोवती वापरतात, पण तेथे विकार उलटण्याची शक्यता बरीच अधिक असते.

पण या उपचारापर्यंत पोहोचायचे तर आधी निदानाचा पुरावा हवा; म्हणून धडधड चालू असतानाच जवळच्या दवाखान्यात ईसीजी काढून घ्यावा आणि ती पट्टी जपून ठेवावी. छातीत दुखत असेल, धाप लागत असेल किंवा शुद्ध हरपत असेल, तर मात्र मुंबईची वाट न धरता नजीकच्या रुग्णालयाचा तातडीचा विभाग गाठावा.